कणगी, चूल आणि मांजर

आषाढाच्या मध्यावर दमणगंगेचे पाणी गढूळ होऊन काठाला लागते, भिंतींना ओल चढते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, आणि अशा दिवसांत सिल्वासातील माझ्या घराच्या माजघरात, जेथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो तेथे, एका कोपऱ्यात शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी, तिला टेकून ठेवलेली जुन्या लुगड्यांची अर्धवट शिवलेली गोधडी आणि त्या गोधडीवर अंगाचे वेटोळे करून निजलेली मनी मांजरी अशी तिघींची वस्ती असते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना हा कोपरा हौसेचा वाटतो. हाताने केलेल्या वस्तू, जुन्या पद्धतीचा स्वयंपाक आणि मांजर पाळणे या तीन गोष्टी हल्ली रिकाम्या वेळेच्या विरंगुळ्यात मोडतात हे मला ठाऊक आहे. परंतु या मुलखात राहून मला जे उमगले ते निराळे आहे. या तिन्ही सुखांचे मूळ एकच आहे, आणि ते मूळ म्हणजे साठवलेले धान्य होय.

येथील मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्याचा बराच काळ शिकवून निवृत्त झाल्यावर मी वर्षाचा तांदूळ भरून ठेवण्यासाठी पत्र्याची कोठी घेतली होती, कारण ती दिसायला स्वच्छ आणि पुसायला सोपी होती. पण येथे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रात्री पत्रा गार होतो, आतल्या धान्याची ऊबदार वाफ त्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते थेंब पुन्हा तांदळावरच उतरतात, ही गोष्ट श्रावणात एके सकाळी कोठीचे झाकण उघडताच आंबूस वास आला आणि तळाशी सोंड्यांनी पोखरलेल्या दाण्यांचा भुगा हाताला लागला तेव्हा माझ्या ध्यानात आली. आमच्या शाळेत पूर्वी सेविका असलेल्या, खानवेलकडच्या एका वारली बाईंनी तो भुगा चिमटीत घेऊन पाहिला आणि त्या म्हणाल्या, ‘‘बाई, तांदूळ श्वास घेतो. त्याला पत्र्यात कशाला कोंडलं?’’ विज्ञानाच्या तासाला बीज सजीव असते, ते श्वसन करते आणि श्वसनात पाणी व उष्णता बाहेर टाकते हे मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्यांचे दीर माघात बांबू घेऊन आले. कणगीचा बांबू पावसाळा सरल्यावर आणि अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, ही त्यांच्याकडची जुनी वहिवाट. चंद्राच्या कलांविषयी मी काही बोलू इच्छित नाही. पण ऋतूविषयीचा त्यांचा आग्रह निखालस खरा आहे, कारण बांबू पोखरणारा भुंगेरा बांबूतील पिष्टावर जगतो, आणि पावसाळ्यात नवे कोंब वाढविण्यात जुन्या बांबूचे पिष्ट बरेचसे खर्ची पडलेले असते. शिवाय तोडलेले बांबू काही दिवस ओहोळाच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवले म्हणजे उरलेसुरले पिष्टही धुऊन जाते. माझ्या अंगणात बसून त्यांनी कोयत्याने बांबू उभा फोडला, त्याच्या कामट्या काढल्या, पाठीच्या हिरव्या सालीच्या कामट्या एकीकडे आणि पोटाच्या पांढऱ्या, मऊ कामट्या दुसरीकडे ठेवल्या, आणि मग हिरव्या कामट्या जमिनीवर एकमेकींवर आडव्यातिडव्या मांडून, त्यांच्या मध्यावर पायाचा अंगठा घट्ट रोवून, त्यांनी तळ विणण्यास आरंभ केला. मोजपट्टी, खूण, दोरी असे काहीही जवळ नव्हते. तळाच्या कामट्या वर वळवून उभ्या केल्या की त्यांतून आडवी वीण फिरत जाते. पोटाशी ती सैल सोडतात, गळ्याशी आवळतात, आणि कणगीला तो गरोदर स्त्रीसारखा डौल येतो. संध्याकाळी त्या बाईंनी शेण, चिकणमाती आणि भाताचे तूस एकत्र मळून कणगी आतून-बाहेरून लिंपली, वाळली तशी पुन्हा लिंपली. हे लिंपण सच्छिद्र असते. धान्याची वाफ ते शोषून घेते आणि हळूहळू बाहेर सोडते, म्हणून तिथे थेंब साचत नाही.

काम आटोपून पैसे हाती घेताना ते गृहस्थ मला म्हणाले, ‘‘बाई, सोंड्याचा बंदोबस्त झाला. उंदराचा नाही झाला. कणगीला मांजर लागतंच.’’ चार दिवसांनी त्यांच्या भावजयीने एका टोपलीत, वर फडके बांधून, मुठीएवढे पिलू आणून दिले. तीच ही मनी.

दादरा आणि नगर हवेलीच्या इतिहासात कणगीचा उल्लेख कोठे येत नाही, पण कणगीवाचून तो इतिहास घडलाच नसता असे मला वाटते. १७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यान्वये सालीना १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी हा मुलूख त्यांच्या कारभाराखाली गेला. पुढे हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आले, तेव्हा १९६० च्या निवाड्यात न्यायालयाने असे म्हटले की, मराठ्यांनी येथे सार्वभौमत्व दिले नव्हते, दिला होता तो केवळ वसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम. तोवर २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले होते. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या तरुणांमध्ये संगीतकार सुधीर फडके होते हे आमच्या पिढीतल्या मराठी माणसांना अभिमानाने आठवते. मला मात्र त्या १२,००० रुपयांचे कुतूहल अधिक आहे. जमाबंदीचा आकडा दफ्तरात रुपयांत लिहिला जातो, परंतु तो येतो शेतकऱ्याच्या घरातून, कणगीत पडायच्या आधी बाजूला काढलेल्या भातातून. जे गेले त्याचा हिशेब दफ्तरात राहिला. जे घरी उरले आणि ज्यावर माणसे जगली, गायली, नाचली, त्याची नोंद ठेवण्याचा शिरस्ता नव्हता.

ती नोंद भिंतींवर झाली, आणि तीही तांदळानेच. वारली घराच्या भिंती कुडाच्या, वर शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात. आणि त्या तांबड्या भूमीवर तांदूळ भिजवून, बारीक वाटून, पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घातलेल्या पांढऱ्या पिठाने, बांबूची काडी दातांनी चावून केलेल्या कुंचल्याने रेखाटन. लग्नघरी काढावयाचा चौक सुवासिनींनीच काढायचा, त्यात पालघाट देवीची स्थापना करायची, आणि तो चौक पुरा झाल्यावाचून लग्न पार पडत नाही. या चित्रातल्या माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा त्रिकोण नि खालचा त्रिकोण एका बिंदूवर तोलून धरलेले असल्याने ती माणसे उभी असतानाही जणू नाचण्याच्या बेतात असतात; तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेल्या नर्तकांची ती वेटोळी रांग पाहताना हे विशेष जाणवते. १९७० च्या दशकाच्या आरंभी हस्तकलेच्या सर्वेक्षणासाठी या भागात आलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेरच्या जगापुढे नेली, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे हे लग्नाच्या निमित्तावाचून, रोजच्या रोज, केवळ चित्रासाठी चित्र काढणारे पहिले मोठे वारली चित्रकार ठरले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. आता ही चित्रे कपांवर आणि पिशव्यांवर छापलेली मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण छापील चित्र हाताला गुळगुळीत लागते, आणि भिंतीवरचे चित्र हाताला किंचित खरखरीत लागते, कारण तेथे खरोखर तांदळाचे पीठ वाळलेले असते.

याच पिठाची पानगी होते. माझ्या आईची एक स्वयंपाकाची वही माझ्यापाशी आहे, तिच्या कडांना तेलाचे डाग पडून कागद पारदर्शक झाला आहे, आणि तिच्यातील मापे आजच्या मुलींना परकी वाटतील अशी आहेत: नवटाक गूळ, चिपटेभर तांदूळ, दोन तोळे खसखस. वाचकांच्या सोयीसाठी सांगते, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली; ही भरून मोजायची मापे. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, तोळा साडेअकरा ग्रॅमांहून थोडा अधिक, आणि नवटाक म्हणजे त्या शेराचा आठवा हिस्सा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि ही सर्व परिभाषा हळूहळू बाजारातून उठली. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले, त्यात वाटी आणि चमचा हीच मापे धरली होती. त्या पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेचे एक कारण मला हेच दिसते की, तराजू घरात असो वा नसो, वाटी प्रत्येकीच्या हाताशी असते.

पानगी करावयाची ती अशी. नवा तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, जात्यावर किंवा गिरणीत दळून आणावा. त्या पिठात गूळ, मिठाचा कण आणि दूध घालून ते पळीवाढे कालवावे. अंगणातल्या हळदीचे पान मधल्या शिरेवर दुमडून पाहावे. कट्टकन मोडले तर ते कोवळे आणि योग्य. पानाला तुपाचा हात लावून त्यावर पिठाचा पातळ थर द्यावा, वरून दुसरे पान झाकावे, आणि मंद चुलीवर, शक्य तर मातीच्या तव्यावर, ते भाजत ठेवावे. पान प्रथम गडद हिरवे होते, मग पिवळे, मग त्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि सारे घर हळदीच्या ओल्या सुवासाने भरून जाते. उलटून दुसरी बाजू भाजावी. निवल्यावर वरचे पान ओढले की ते सालीसारखे सुटते, आणि पानगीवर त्याच्या शिरान् शिरेचा ठसा उमटलेला असतो. तो ठसा पाहिल्यावाचून मी पहिला घास घेत नाही. माझ्या गुजराती शेजारीणबाई याच पदार्थाला पानकी म्हणतात, त्यात ताक, आले नि मिरची घालतात आणि केळीचे पान वापरतात. सीमेवरच्या गावात राहण्याचा लाभ हा की, एकाच चुलीवर दोन्ही होतात.

वारली आणि कोकणा घरांतले जेवण याहून साधे आणि याहून जाणते आहे. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, भाताची पेज, सुकवलेला जवळा, आणि पहिल्या पावसाबरोबर रानातून येणाऱ्या भाज्या. शेवळाचीच गोष्ट घ्या. जमिनीतून एकाएकी वर येणारा तो जांभळट कोंब कच्चा किंवा नुसता शिजवून खाल्ला तर घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया असतात; म्हणून त्याच सुमारास रानात धरणारी काकडे नावाची आंबट फळे त्यात शिजवतात. बाजारात बसलेली बाई शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडे आपणहून टाकते, वेगळी मागावी लागत नाहीत. नागलीविषयी एवढेच सांगते की, तिच्या १०० ग्रॅमांत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिचा दाणा इतका बारीक व टणक असतो की किडीला त्यात शिरता येत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. ज्यांची कणगी लहान, त्यांच्यासाठी हे धान्य जणू निसर्गाने मुद्दाम राखून ठेवले आहे.

आता मनीकडे येते. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर एका नवाश्मयुगीन वस्तीत माणसाच्या शेजारी जाणीवपूर्वक पुरलेले मांजर सापडले, हे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे पश्चिम आशियातील शेतकऱ्यांनी बियाणे, शेळ्या-मेंढ्या यांच्याबरोबर ती होडीतून नेली असली पाहिजेत. माणसाने शेती केली, धान्य साठवले, धान्याला उंदीर लागले, आणि उंदरांमागून रानमांजर आपल्या पायांनी वस्तीत आले. बाकीची बहुतेक जनावरे माणसाने आणली, हे आपणहून राहिले. ‘कणगीला मांजर लागतंच’ या वाक्यात हा सारा इतिहास आला, असे मला ते वृत्त वाचताना वाटले.

रात्री दिवा मालवल्यावर मनीचा खरा दिवस उजाडतो. कणगी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट आहे. त्या फटीच्या तोंडाशी ती बसते, पुढचे पाय अंगाखाली घेते, आणि मग घटका-घटका केवळ तिचे कान हलतात, एक डावीकडे तर दुसरा समोर. माणसाला २०,००० हर्ट्‌झच्या पलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. मांजराची मर्यादा ६०,००० च्याही पुढे आहे, आणि उंदीर आपसांत ज्या अतिसूक्ष्म स्वरांत चिवचिवतात ते तिला ऐकू येतात. मला जी नीरव शांतता वाटते ती तिच्या लेखी संभाषणाने भरलेली असते. अगदी नाकापुढचे मात्र तिला नीट दिसत नाही. तिथे मिशा डोळ्यांचे काम करतात, आणि झेप घेण्याच्या क्षणी त्या पुढे वळतात. ती झेप मी दोन-तीनदाच पाहिली आहे. तिच्यात आवाज नसतो.

मांजराविषयी आपल्याकडे गैरसमजही पुष्कळ आहेत. वाढलेल्या मांजराला दूध सहसा पचत नाही, दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती बालपणानंतर क्षीण होते. वाटीभर स्वच्छ पाणी हेच त्याला हितकर. गोड चव तर मांजराला कळतच नाही, तिच्यासाठी लागणारा जिभेवरचा ग्राहक त्याच्या जातीत निकामी झालेला आहे, म्हणून पानगीकडे मनी ढुंकूनही पाहत नाही, पण सुकटाचा डबा उघडला की तीन खोल्यांपलीकडून येते. सुकट मी तिला धुऊन, मीठ काढून, बोटाच्या पेराएवढीच देते. कांदा-लसूण घातलेला कोणताही पदार्थ मांजराला देऊ नये, त्याने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. ही गोष्ट घराघरांत ठाऊक असायला हवी. आडव्या गेलेल्या मांजराला दगड मारणाऱ्यांना मी एवढेच सांगत असते की, षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे, आणि आपल्याच जुन्या समजुतीने मांजर मारणाऱ्यास काशीला सोन्याचे मांजर दान करण्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे.

आमच्या भागातील वारली आणि कोकणा लोक वाघदेवाला मानतात. गावाच्या शिवेवर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेला लाकडी किंवा दगडी खांब असतो आणि आश्विनातल्या वाघबारशीला त्याची पूजा होते. मांजर ही वाघाची मावशी, तिने भाच्याला सर्व विद्या शिकवल्या, झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, ही कथा मी वर्गात असंख्य वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरचे एखादे पोर उठून, ‘‘बाई, आमच्या शिवेवर वाघ हाय, घरात मावशी हाय,’’ असे गंभीरपणे सांगत असे. शिवेवर भाचा आणि कणगीपाशी मावशी. ज्या घरातली मुले असे बोलत, त्या घरात धान्य आणि जनावर यांचे नाते कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गोधडीविषयी थोडे लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सिल्वासाच्या आसमंतात पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने गावोगाव उभे आहेत, चादरी स्वस्त आहेत, तरी गोधडीची ऊब निराळी, कारण अनेक वेळा धुतलेल्या सुती लुगड्याचा तंतू मऊ झालेला असतो आणि थरांमध्ये हवा धरून ठेवतो. आजी गोधडी शिवताना लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरी, चारी कडांना दगड ठेवी, कडेपासून धावदोरा घालीत चौकोनात चौकोन करीत मध्याकडे येई, आणि मध्यावर पोहोचली की शेवटचा थर मिटण्यापूर्वी आत भाकरीचा लहानसा वाळका तुकडा ठेवी. गोधडीचे पोट उपाशी राहू नये, असे ती म्हणे. तेव्हा मला ते केवळ प्रेमळ वाटे; आता हातात सुई घेतल्यावर कळते की, अंगावर घ्यायचे वस्त्र आणि ताटातली भाकरी या दोन्हींकडे पाहण्याची तिची दृष्टी एकच होती.

सध्याची गोधडी मी आईच्या दोन लुगड्यांची आणि माझ्या शाळेत नेसण्याच्या तीन पातळांची शिवीत आहे. ज्येष्ठात कडा झाल्या. आषाढ लागला तसे काम मध्याकडे सरकले, आणि तेवढ्यात मनीला कणगीमागे तीन पिले झाली. मांजर पिलांना सात घरे फिरवते म्हणतात. तिने त्यांना मानगुटीला धरून, एकेक करून, प्रथम पुस्तकांच्या फडताळात नेले, तेथून रिकाम्या पिंपात, तेथून जात्याच्या खुंटीमागच्या अंधारात. दरवेळी दोन पिले ठेवून तिसऱ्यासाठी परत येताना ती दारात क्षणभर थांबून माझ्याकडे बघे. भक्तिमार्गातील मार्जारन्याय मी पोथीत वाचला होता, पिलाने काहीच करावयाचे नसते, आईच उचलून नेते. पण उचलले जात असताना पिलाचे चारी पाय कसे आपोआप वर आखडतात आणि शरीर कसे संपूर्ण स्तब्ध होते, ते मी या वेळी प्रथमच जवळून पाहिले.

काल पहाटे पावसाचा जोर होता. उठून दिवा लावला, तो तिन्ही पिले गोधडीवर, बरोबर मध्यावर, जिथे अजून टाके पडायचे आहेत त्या जागी होती, आणि मनी त्यांच्याभोवती चंद्रकोरीसारखी पसरली होती. तिची घरघर श्वास आत घेताना आणि बाहेर टाकताना अखंड चालली होती. मी सुई काढून दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली. पिलांचे डोळे आता किलकिले झाले आहेत. ती आपल्या पायांनी चालू लागायला अजून दोन आठवडे लागतील. कणगीतला तांदूळ दिवाळीपर्यंत पुरेल. भाकरीचा तुकडा मी वाळवून डब्यात ठेवला आहे.